पहिली पांढरी रेघ दिसली आणि आता करमत नाही

उतारवेडा (धागाकर्ता)

आज सकाळी पडदा सारला आणि समोरच्या कड्याच्या माथ्यावर पांढरी रेघ दिसली. रेघच. खडूने ओढावी एवढी. दहापर्यंत ऊन वर आलं आणि उन्हाच्या बाजूची पुसलीही गेली, पण माझं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. दिवसभर कामात लक्ष नाही.

स्कीइंगचं वेड लागल्यापासून दरवर्षी हेच. झाडं पिवळी-तांबडी झाली की बाकीच्यांना रंग दिसतात. मला पानं गळाल्यावर जंगलात उघड्या पडलेल्या जागा दिसतात. इथून वळता येईल, तिथे दोन खोडांत अंतर कमी आहे, त्या खडकावर मीटरभर बर्फ साचला तर उडी मारता येईल. जिना उतरताना वजन आपोआप बाहेरच्या पायावर जातं. काल रांगेत उभा असताना गुडघे वाकवून नडग्या पुढे रेलत होतो, मागच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाहीये का?

डोंगरावर नेणारी लिफ्ट सुरू व्हायला अजून सहा-सात आठवडे तरी आहेत. हवामानाची मॉडेलं दिवसातून चार वेळा उघडून बघतो. (ती चारदाच नव्याने चालवतात म्हणून चारदा, नाहीतर जास्तही बघितली असती.) स्की काढून भिंतीला टेकवून ठेवल्यात. वसंतात त्यांच्या तळाला लावलेलं जाड वॅक्स अजून खरवडलेलं नाही. मुद्दामच. ते खरवडलं की करायला काही उरणार नाही.

तर मंडळी, हे आठवडे तुम्ही कसे काढता?

हिमकण

मी पयली!

बूट घालून घरात फिरून झालं का? मी परवा पूर्ण बक्कल लावून तासभर बसले होते. नंतर काढताना जो काही आरडाओरडा झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही. थंड प्लॅस्टिक किती कडक होतं हे दर शरदात विसरायला होतं.

कडा८७

उतारवेडा, वॅक्स राहू दे, पण निदान स्कीच्या पोलादी कडांवर बोट फिरवून बघ. वसंतातल्या ओल्या बर्फातून आणलेल्या स्की नीट न पुसता ठेवल्या असतील तर कडांवर तांबूस गंज धरला असणार. वरवरचा असेल तर रबरी गमस्टोनने निघतो. खोल खड्डे असतील तर फाइल (कानस).

नवीन लोकांसाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण दरवर्षी हाच प्रश्न येतो आणि दरवर्षी कोणीतरी चुकीचं सांगून जातो.

कडेला दोन बाजू असतात. एक तळाची, एक बगलेची. तळाची बाजू साधारण अर्धा ते एक अंश उचललेली असते आणि तिला घरी हात लावू नये. एकदा जास्त घासली गेली की परत आणायला अख्खा तळ मशीनवर घासावा लागतो. बगलेची बाजू ८८ किंवा ८७ अंशांना धरतात. (माझं नाव तिथूनच आलं.) अंश जितके कमी, तितकी धार बर्फात लवकर चावते आणि तितकीच लवकर बोथटही होते. कडक, बर्फगार उतारांवर ८७ छान. सगळीकडे फिरणाऱ्याला ८८ पुरे.

वॅक्स लावताना कपड्यांची इस्त्री वापरू नका. तिचं तापमान खालीवर होत राहतं, वाफेच्या भोकांत वॅक्स जाऊन बसतं, आणि एका जागी दोन क्षण जास्त थांबलात तर पॉलिथिलीनचा तळ भाजून वॅक्स पिणंच बंद करतो. वॅक्सची वेगळी इस्त्री घ्यायची आणि सतत हलती ठेवायची. मागे ओल्या वॅक्सचा वीतभर पट्टा राहिला पाहिजे, बस.

जाता जाता, जुन्या डब्यात फ्लोरिनवालं वॅक्स उरलं असेल तर ते स्पर्धेत चालणार नाही. एफआयएसने (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने) २०२३-२४ च्या मोसमापासून पूर्ण बंदी घातली आहे. हौशी माणसाला तसाही त्याचा उपयोग नव्हता. आपण सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी घसरत नाही. ती पावडर श्वासातून आत जाते आणि निसर्गात वर्षानुवर्षं विघटित होत नाही, तेव्हा गेली ते बरंच झालं.

नुसताच_वाचक

धागा वाचतोय, वाचनखूण साठवली. मी यंदा दुसऱ्यांदा जाणार आहे. गेल्या वेळी सगळं भाड्याने घेतलं होतं. आधी स्की घ्याव्या की बूट?

हिमकण

@नुसताच_वाचक बूट. डोळे मिटून बूट. स्की भाड्याच्या चालतात, दुसऱ्याच्या पायाला सवयलेले बूट चालत नाहीत.

आतलं मऊ लायनर काढून टाका, नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. दीड-दोन सेंटिमीटर ठीक. याहून जास्त उरली तर तो बूट मोठा आहे, दुकानात कितीही सुखाचा वाटला तरी. नवा बूट सुखाचा वाटणं हीच मुळात शंकेची गोष्ट आहे. आणि कडकपणाच्या आकड्यावर जाऊ नका. एका कंपनीचा १०० आणि दुसरीचा १०० यांचा एकमेकांशी संबंध नसतो, त्याला प्रमाण मापच नाही.

अक्कलगुडघ्यात

माझ्या नावावर हसून घ्या. ते मी ऑपरेशननंतर घेतलं.

मागच्या फेब्रुवारीत डाव्या गुडघ्याचा एसीएल (सांध्याच्या आतला अस्थिबंध) गेला. वेगात नव्हते, अवघड उतार नव्हता. दिवसाचा शेवटचा फेरा, पाय थकलेले. मागे रेलले, बूड गुडघ्यांच्या खाली गेलं, आणि तशाही अवस्थेत उठायची धडपड केली. खालच्या स्कीचं शेपूट आतल्या कडेवर अडकलं आणि गुडघा आत वळला. आवाज मला ऐकू आला. बूट स्कीला जखडणारं बाइंडिंग सुटलंच नाही.

नंतर कळलं की बाइंडिंगला दोष देण्यात अर्थ नाही. ते मुळात नडगीचं हाड वाचवायला घडलंय. ते काम ते उत्तम करतं, पण एसीएल वाचवण्याची हमी त्यात नाही. अशा पडण्यात एकच गोष्ट करायची असते आणि ती स्वभावाविरुद्ध आहे: पडतोय हे कळलं की पडायचं. हात पुढे ठेवायचे, उठायची घाई करायची नाही, घसरणं थांबेपर्यंत निवांत घसरायचं.

त्यामुळे यंदाचा शरद वेगळा आहे. तुम्ही सगळे दिवस मोजताय, मीही मोजतेय, पण दोन्ही दिशांनी. कधी वाटतं लवकर यावा, कधी वाटतं अजून एक महिना मिळाला तर बरं. भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं, एका पायावर पायरी हळूहळू उतरणं, हे रोज चालू आहे. हे हळूहळू उतरणंच महत्त्वाचं. स्कीइंगमध्ये मांड्यांचे स्नायू लांबत असताना जोर लावतात, प्रत्येक वळणात ब्रेकसारखे. म्हणून नुसतं पळून किंवा सायकल चालवून पहिल्या दिवसाची तयारी होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना शत्रू होतो.

अजून एक. बाइंडिंग किती जोराला सुटेल तो आकडा गेल्या वर्षीचाच ठेवू नका. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती आक्रमकपणे चालवता, यांवरून तो ठरतो. यांतलं काहीही बदललं तर तंत्रज्ञाकडून तपासून घ्या. पन्नाशी ओलांडली की तक्ता एक पायरी खालचा आकडा देतो. माझी यंदा ओलांडली.

उतारवेडा

@अक्कलगुडघ्यात हसणं दूरच, वाचताना माझाच गुडघा दुखला. पहिल्या दिवशी कोणत्या उतारावर जाणार?

अक्कलगुडघ्यात

जिथे पाच-सहा वर्षांची मुलं शिकतात तिथे. आणि दुपारी दोनला घरी.

दक्षिणायन

तुमचं वाट बघणं सुरू आणि माझी ताटातूट. मी विषुववृत्ताच्या खाली राहते. आमचा मोसम आत्ताच आटोपला. शेवटच्या दिवशी बर्फ इतका पाणचट झाला होता की स्की पुढे जायच्या ऐवजी चिकटत होत्या. आता वॅक्स लावून, बक्कल बंद करून (नाहीतर कवच पसरतं) सगळं कपाटात.

मला तुमच्या धाग्यातून कळतंय की दोन्हीत सारखंच काहीतरी आहे. तुम्हाला अजून न पडलेला बर्फ दिसतो, मला वितळून गेलेला. तुमचा जास्त चांगला, कारण त्यात दगड नसतात.

भुरभुर

"यंदा ला निना आहे म्हणजे धो धो पडणार" हे वाक्य यायच्या आत लिहून टाकतो.

ला निना म्हणजे प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यातलं पाणी सरासरीपेक्षा निदान अर्ध्या अंशाने थंड असणं, आणि तेही महिनोन्महिने टिकून. त्याने वाऱ्यांचा मोठा झोत सरकतो आणि उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेला वायव्य भागात ओल्या हिवाळ्याची शक्यता वाढते, नैर्ऋत्येला घटते. शक्यता. फासे थोडे जड केल्यासारखे, पडणारं दान ठरलेलं नाही. आल्प्सपर्यंत येता येता हा संकेत इतका पातळ होतो की त्यावर सुट्टी ठरवू नये. आणि तीन महिन्यांचा सरासरी अंदाज तुमच्या त्या एका शनिवारबद्दल काहीच सांगत नाही. दोन मोठी वादळं चुकली तर ओलं वर्षही कोरडं, दोन बरोबर लागली तर उलट.

मॉडेलं बघायचीच असतील तर दहा दिवसांपुढच्या नकाशातले सेंटिमीटर बघू नका. गोठणरेषा (हवा शून्य अंशावर येते ती उंची) कुठे येते ते बघा. बर्फ साधारण तिच्या खाली दोन-तीनशे मीटरपर्यंत तग धरतो, त्याखाली पाऊस. शरदात सगळा खेळ त्या दोन-तीनशे मीटरचा असतो.

उतारवेडा

चौदाव्या दिवसाचा नकाशा मी फ्रेम करून लावणार होतो. आता काय.

तोफखाना

मी सात हिवाळे बर्फ बनवायच्या यंत्रांवर रात्रपाळी केली आहे, म्हणून माझी वाट बघायची तऱ्हा निराळी. मी आकाशाकडे बघत नाही, ओल्या फडक्याच्या थर्मामीटरकडे बघतो.

लोकांना वाटतं शून्याखाली गेलं की बर्फाच्या तोफा (तीच ती यंत्रं) सुरू. तसं नसतं. महत्त्वाचं असतं ते ओलं तापमान, म्हणजे हवेची उष्णता आणि आर्द्रता मिळून होणारा आकडा. तो उणे दोनच्या आसपास आला की बात जमते. हवा खूप कोरडी असेल तर साधा थर्मामीटर अधिक एक दाखवत असतानाही बर्फ होतो, कारण थेंबातलं थोडं पाणी उडून जाताना बाकीचा थेंब गार करतं. उलट उणे एक आणि दाट धुकं असेल तर नळी उघडून नुसता चिखल. थेंबाला जमिनीवर पडायच्या आत गोठायचं असतं, तेवढाच वेळ त्याच्याकडे. गोठताना तो स्वतःची उष्णता बाहेर टाकतो, ती घ्यायला हवा थंड आणि कोरडी पाहिजे. म्हणून टोकाशी दाबाची हवा आणि पाणी मिळून आधी बारीक बर्फबीजं सोडतात, त्यांवर मोठे थेंब धरतात.

हा बर्फ चांदण्यांसारखा नसतो, गोल दाणे असतात. ताज्या नैसर्गिक बर्फापेक्षा कितीतरी जड. एक घनमीटर पाण्याचा जेमतेम दोन-अडीच घनमीटर होतो. म्हणून तर टिकतो.

नोव्हेंबरात निरभ्र, वारा पडलेल्या रात्री थंड हवा खाली दरीत साचते आणि वर डोंगरावर ऊब असते. तळाशी सगळं गोठतंय आणि माथ्यावर तोफा गप्प, असं कितीदा झालंय. मग पहाटे तीनला वारा फिरतो, आकडा सरकतो आणि एकेक पंखा घरघरायला लागतो. नोकरी सोडून बरीच वर्षं झाली, पण अशी रात्र आली की जाग येते. बायको म्हणते, झोपा, आता तुमची पाळी नाही.

कडा८७

@तोफखाना मस्तच लिहिलंत. वेगळा धागा काढा यावर.

साठवलेल्या बर्फाचंही सांगायला हवं. स्वित्झर्लंडमध्ये दावोसला आदल्या हिवाळ्यातला बर्फ लाकडाच्या भुशाखाली उन्हाळाभर झाकून ठेवतात आणि ऑक्टोबरअखेरीस पसरून क्रॉस-कंट्री स्कीइंगची वाट उघडतात. फिनलंडमध्ये रुका आणि लेवीलाही साठवणीच्या बर्फावर मोसम लवकर सुरू होतो.

माझा पाडवा म्हणाल तर ऑस्ट्रियातल्या सॉल्डनची स्की शर्यत. ऑक्टोबरच्या शेवटी, रेटेनबाख हिमनदीवर, ३,००० मीटरच्या वर सुरुवात. टीव्हीवर बघताना दरी हिरवी-पिवळी आणि मधोमध तो एक निळसर पांढरा उतार. पहिल्या स्पर्धकाच्या कडेचा आवाज ऐकला की माझं वर्ष सुरू.

थरथर

धाग्याच्या पहिल्या ओळीवर कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

उतारवेडा, उन्हाच्या बाजूची रेघ दहापर्यंत पुसली गेली म्हणालास. सावलीच्या बाजूची?

ऑक्टोबरात पातळ बर्फ पडतो. दक्षिण उतारावरचा वितळतो, जमीन पुन्हा उघडी. उत्तरेच्या, सावलीतल्या, उंच उतारांवर तो राहतो. मग आठवडे आठवडे निरभ्र, थंड रात्री. खाली जमिनीत उन्हाळ्याची ऊब असते, त्यामुळे थराचा तळ शून्याच्या आसपास. वरचा पृष्ठभाग समजा उणे दहा. थर तीस सेंटिमीटरचा. म्हणजे दर दहा सेंटिमीटरला तीन अंशांहून जास्त फरक. दहा सेंटिमीटरला एक अंशाच्या पुढे गेलं की थरातल्या थरात वाफ खालून वर सरकायला लागते आणि कण एकमेकांना धरून राहायचं सोडून कोनेदार, सुटे होत जातात. मुठीत घेतलात तर जाड्या साखरेसारखे ओघळतात. गोळा होत नाही.

मग डिसेंबरात खरा बर्फ येतो आणि त्या साखरेवर बसतो. एक घट्ट पाटी, खाली बॉलबेअरिंग. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असेल, म्हणजे आपल्याला आवडतो तसाच, तर ती पाटी एका माणसाच्या वजनाने सुटू शकते. तो तळातला थर बरा व्हायला कधी महिने लागतात, कधी अख्खा हिवाळा होत नाही.

थोडक्यात, जी रेघ बघून तुला करमेनासं झालं, ती सावलीत टिकली तर फेब्रुवारीत माझी झोप उडवते.

उतारवेडा

रंगाचा बेरंग केलास गं :( पण बरोबर आहे.

भुरभुर

@थरथर मुद्दा मान्य, पण "लवकरचा बर्फ वाईट" एवढंच लोकांनी लक्षात ठेवलं तर तेही चुकीचं होईल. मोठा पडला तर?

थरथर

मोठा पडला आणि पडत राहिला तर उत्तमच. मीटर-दीड मीटर थरात तोच दहा अंशांचा फरक इतक्या जाडीत विभागला जातो की वाफेचा जोर संपतो आणि कण हळूहळू गोल होऊन जुळायला लागतात. वाईट असतो तो पातळ आणि मग गारठा. म्हणून शरदात माझं मागणं सोपं आहे. पडायचं तर भरभरून पड, नाहीतर जमीन उघडी राहू दे.

हिमकण

मी बरीच वर्षं उलटं मागत आले. एक रेघ दे, एक फोटो काढू दे.

थरथर

फोटो काढच. उलट मी सांगणार होते की काढा. ऑक्टोबरात दर आठवड्याला एकाच जागेवरून एक फोटो. कुठे पांढरं टिकलं ते नोंदवून ठेवा. पुढे सगळं एकसारखं पांढरं झाल्यावर खाली काय दडलंय ते दिसत नाही. तेव्हा हे फोटो कामाला येतात. हिमस्खलनाचं रोजचं पत्रक वाचायचंच, फोटो त्याची जागा घेत नाहीत. पण पत्रकात "उत्तरेकडचे उतार, तळातला कमकुवत थर" असं आलं की तो नेमका कुठला, ते तुम्हाला डोळ्यांसमोर येतं.

आणि पट्टीबाहेर (तयार उतार सोडून) जाणाऱ्यांनी ट्रान्सीव्हरमध्ये, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याला शोधायच्या अंगावरच्या यंत्रात, नव्या बॅटऱ्या घालाव्यात. उन्हाळ्यात जुन्या आत राहिल्या असतील तर गळून टोकं खराब झालेली असतात. सगळे ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळे कोणाचाही कोणालाही सापडतो, सराव असेल तर. गाडला गेलेला माणूस जिवंत मिळण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत असते, नंतर झपाट्याने घसरते. मदत येईल तोवर ती मिनिटं गेलेली असतात, म्हणजे शोधणारे तुम्हीच. सरावाला बर्फ लागत नाही. आम्ही दरवर्षी गळालेल्या पानांच्या ढिगाऱ्यात एक लपवतो आणि शोधतो. शोधताना फोन निदान अर्धा मीटर लांब ठेवा, त्याने वाचन बिघडतं.

नुसताच_वाचक

पानांत लपवायची कल्पना भारी आहे. पण मला अजून पिस्टवरच (तयार उतारावरच) थांबता येत नाही. :)

दक्षिणायन

@नुसताच_वाचक थांबायला सगळ्यांनाच येतं, कुठे ते फक्त ठरवता येत नाही. हलके घ्या.

उतारवेडा

धागा वर काढतोय. तीन आठवडे झाले.

थरथर, तू सांगितल्यापासून दर रविवारी त्याच खिडकीतून फोटो काढतोय. चार झाले. दक्षिणेकडचा उतार पूर्ण तपकिरी. कड्याच्या मागची अरुंद घळ मात्र चारही फोटोंत पांढरी. गेली तीन वर्षं मी तीच घळ बघत शरद काढतोय. कुठून शिरायचं, किती वळणं, कुठे बाहेर पडायचं, सगळं पाठ आहे. काल पायी तिच्या तळापर्यंत गेलो आणि कडेच्या सावलीतल्या बर्फात हात घातला. सगळा बोटांमधून ओघळला.

चारही फोटोंवर लाल पेनाने गोल काढून दारामागे लावलेत.

थरथर

बास. मला एवढंच हवं होतं.

तोफखाना

काल रात्री ओलं तापमान उणे चार. खालच्या उतारावर तोफा लागल्या. दोनला उठून बघून आलो.

हिमकण

शनिवारी एक लिफ्ट, एक उतार म्हणे. एक पांढरी पट्टी आणि तिच्यावर आपण सगळे. कोण कोण येतंय?

अक्कलगुडघ्यात

मी. लहान मुलांच्या उतारावर शोधा.

कडा८७

उतारवेडा, नव्या स्की आणू नकोस. कडेला हमखास दगड असतात. जुन्या दगडी स्की आण, ज्यांच्या तळावर आधीच ओरखडे आहेत.

उतारवेडा

जुन्याच आणतोय. आत्ता त्यांचं वॅक्स खरवडतोय. जमिनीवर सगळीकडे भुगा झालाय आणि घरचे दारातून बघताहेत.